आषाढातली भूक, पौषातली भूक

मृग लागून पंधरा-वीस दिवस झाले की माझ्या दवाखान्यातल्या तक्रारींचा सूर बदलतो. मे महिन्यात उन्हाळे लागलेले, घामोळ्यांनी बेजार झालेले लोक येतात. जूनअखेर तीच माणसं पोटावर हात ठेवून बाकावर बसलेली दिसतात. ‘‘डॉक्टरीणबाई, जेवण अंगावर येतंय.’’ ‘‘सकाळचा चहा-पोळी अजून छातीशीच आहे.’’ ‘‘भूकच मेलीय हो.’’ काल काय जेवलात विचारलं की उत्तरं साधारण सारखीच. संध्याकाळी पाऊस झोडपत होता म्हणून कांदाभजी झाली. रात्री छोले. झोपताना दूध, ‘‘ते रोजचंच आहे.’’

हे रोजचंच आहे, हेच तर दुखणं. मे महिन्यात जेवढं आणि जे चालत होतं तेवढंच आणि तेच जुलैत चालायला हवं, असं आपण गृहीत धरून बसतो.

माझं माहेर लातूरकडचं, सासर आणि दवाखाना चिपळुणात. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पावसावर समाधान मानणाऱ्या मुलखातून तीन हजारांच्या वर कोसळणाऱ्या मुलखात आलेली मी. त्यामुळे ऋतुचर्या कॉलेजात पाठ केली ती वेगळी आणि दोन स्वयंपाकघरांत पाहिली ती वेगळी. लोकांना मात्र माझ्याकडून यादी हवी असते. गरम काय, थंड काय, कुठल्या महिन्यात काय वर्ज्य, एका कागदावर लिहून द्या. असे कागद आता फोनवर फुकट फिरतात, आणि त्यात चूक एवढीच की ते पदार्थापासून सुरू होतात. ग्रंथ तिथून सुरू होत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतूंच्या आहाराचा आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तो तिसरा. दोन्ही आधी सांगतात की या ऋतूत माणसाचं बळ किती, अग्नी कसा. ताटात काय वाढायचं ते त्यानंतर.

त्यांचा हिशेब असा. वर्षाचे दोन भाग. शिशिर, वसंत, ग्रीष्म या काळात सूर्य आणि वारा मिळून सृष्टीतला ओलावा, स्निग्धपणा ओढून घेतात, तो आदानकाल. वर्षा, शरद, हेमंत या काळात तो परत मिळतो, तो विसर्गकाल. ओढून घेण्याचा शेवट ग्रीष्मात होतो आणि परत मिळण्याची सुरुवात वर्षेत. म्हणून या दोन ऋतूंत माणूस सगळ्यात दुबळा असतो. हेमंत-शिशिरात सगळ्यात बळकट, शरद आणि वसंतात मध्यम. अग्नी, म्हणजे पचवण्याची ताकद, साधारण याच चढउतारानं जाते. थंडीत ती का वाढते, तर कुंभाराची भट्टी बाहेरून लिंपली की आतली धग वाढते तसं: गार हवेनं कातडीवाटे बाहेर जाणारी उष्णता आत कोंडते आणि भूक पेटते. पावसाळ्यात उलट. उन्हाळ्यानं आधीच मंदावलेला अग्नी, त्यावर ओली हवा, गढूळ पाणी, जमिनीतून निघणारी वाफ. वाग्भटाच्या मते या काळात तिन्ही दोष एकमेकांना बिघडवतात, वाताचा जोर सर्वांत जास्त. आषाढात एखाद्याचे सांधे धरतात आणि त्याच आठवड्यात पोटही फुगतं, ते वैद्याला एकाच घरातलं भांडण वाटतं.

आता भज्यांकडे येऊ, कारण प्रत्येक पावसाळ्यात माझं आणि रुग्णांचं भांडण तिथेच होतं.

पावसात तळलेलं खावंसं वाटणं हा चाळा नाही. चरकानं स्पष्ट सांगितलंय की वारा-पावसानं विशेष गारठा पडलेल्या दिवशी आंबट, खारट आणि स्निग्ध चव ठळक असलेलं जेवण घ्यावं, म्हणजे वात आटोक्यात राहतो. तेव्हा जीभ मागते ती दिशा बरोबर आहे. बिघडतं ते पुढे. बेसन पचायला जड, पोटात वारा धरणारं. ते तेलात तळून, घाणा संपेपर्यंत खायचं आणि वर रात्रीचं जेवण ‘‘थोडंसंच’’ घ्यायचं, एवढं ओढण्याइतका अग्नी त्या दिवसांत नसतो. मी भजी बंद करा असं सांगत नाही. जेवणात खा, जेवणाआधी नको, पिठात ओवा टाका, आणि त्या दिवशी रात्री नुसती मुगाच्या कढणभाताची वाटी. यावर पुरुषमंडळी नाराज होतात, बायका माना डोलावतात, कारण त्यांना एक स्वयंपाक वाचतो.

पण आंबट-खारट-स्निग्ध हे सूत्र खऱ्या अर्थानं कुणी पाळलं असेल तर ते कुळथाच्या पिठल्यानं. माझ्या सासूबाईंचं पिठलं मी अजून तसंच करते. कुळीथ खमंग भाजून, भरडून, फोलकटं पाखडून दळून आणायचे. तेलात ठेचलेला लसूण लाल होऊ द्यायचा, हिंग, मिरची, मग पाण्यात गुठळी न राहता कालवलेलं पीठ सोडायचं. दोन आमसुलं. पळीतून धार पडेल इतकं पातळ. खाली मऊ भात, तोही नव्या तांदळाचा नाही, आदल्या वर्षीच्या. वर तुपाची धार. ताटात बसल्यावर मला दरवेळी चरक दिसतो. कुळीथ उष्ण, वात-कफ कमी करणारे. लसूण तसाच. आमसुलाचा आंबटपणा, मीठ, तूप. जुनं धान्य, जे वर्षाऋतूत घ्यावं असं ग्रंथ मुद्दाम सांगतात, कारण ते नव्यापेक्षा हलकं. सासूबाईंनी संहितेचं पान उघडलेलं नव्हतं. मात्र ज्याला आंबट ढेकर येतात, छातीत जळजळ होते, त्याला हेच पिठलं भडकवतं. त्याच्यासाठी कुळथाऐवजी मूग आणि लसणाऐवजी जिरं. यादी लिहून देत नाही ती यासाठीच.

पावसाळ्यातलं कोकणातलं दुसरं अन्न म्हणजे सुकी मासळी. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे सोडे, सुकट, बोंबील यांचीच चलती. वाळवलेलं मांस आणि वाळवलेल्या भाज्या चरकानं रोज न खाण्याच्या यादीत टाकल्या आहेत, जड म्हणून. मी लोकांना सांगते, सुकट चवीला, पोट भरायला पेज. आपल्याकडे पूर्वी ती तशीच खात होते. वाडगाभर पेज आणि कडेला चिमूटभर भाजलेली सुकट. आता प्रमाण उलटलंय.

गटारीचं काय, असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा वाचून आलेला असतो: ‘‘तुमच्याच ग्रंथात पावसाळ्यात मद्य सांगितलंय.’’ सांगितलंय. जुनं, मध मिसळलेलं, आणि अल्प. त्यातला शेवटचा शब्द कुणालाच आठवत नाही.

पाण्याबद्दल मात्र विनोद नाही. वर्षाऋतूत नदीचं पाणी पिऊ नये, उकळून गार केलेलं प्यावं, हे सगळे ग्रंथ एकमुखानं सांगतात. वाशिष्ठीच्या काठावर राहणाऱ्या आम्हाला ते पटवून द्यावं लागत नाही. जुलै 2021च्या पुरानंतर विहिरी उपसल्या जाईपर्यंत शहरानं उकळलेल्या पाण्यावर दिवस काढले. पाणी उकळताना सुंठेचा बारका तुकडा टाकला तर पोटालाही बरं.

इथे एक गंमत सांगायला हवी. ग्रंथातली नेहमीची मोजणी श्रावण-भाद्रपदाला वर्षा म्हणते. चिपळुणात श्रावण येईपर्यंत निम्मा पाऊस होऊन गेलेला असतो. मग आषाढातल्या धो-धो पावसात ग्रीष्माचा आहार घ्यायचा का? सुश्रुतानं ही अडचण ओळखली होती असं मला वाटतं. त्यानं ऋतूंची दुसरीही एक मोजणी दिली आहे. तिच्यात शिशिर गाळलेला आहे आणि पावसाचे दोन ऋतू केले आहेत: आषाढ-श्रावण हा प्रावृट्, भाद्रपद-आश्विन ही वर्षा. ग्रीष्म वैशाख-ज्येष्ठात. आपल्या सह्याद्रीच्या पश्चिमेला ही मोजणी कितीतरी जवळची. शरीर पंचांग बघत नाही, आभाळ बघतं.

आणि आभाळही सगळीकडे एक नसतं. आयुर्वेद प्रदेशाचे तीन प्रकार करतो: ओलाव्याचा, झाडीचा तो आनूप, कोरडा, वाऱ्याचा तो जांगल, मधला साधारण. कोकण आनूप, माझं माहेर बरंचसं जांगल. लातूरकडे आखाड तळतात. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून खसखस लावलेल्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या डबे भरभरून होतात. तिथल्या कोरड्या वाऱ्यात, पेरणीच्या राबत्यात, ते तेल अंगी लागतं. तोच डबा आई मला चिपळुणात पाठवायची तेव्हा आठ दिवसांत कापण्या सादळायच्या आणि खाणाऱ्यांची पोटंही. उलट बाजूनं, बदली होऊन इकडे आलेले मराठवाड्यातले शिक्षक दोन वेळा भात खाऊन सुस्तावतात आणि माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगते, एक वेळ तरी ज्वारीची भाकरी सोडू नका. ओल्या मुलखात ती कोरडी, हलकी भाकरी औषधासारखी आहे, आणि शिवाय तुमच्या अंगवळणी पडलेली आहे. सवयीनं मानवलेल्या अन्नाला चरक ओकसात्म्य म्हणतो, आणि हा विषय त्यानं ऋतूंच्याच अध्यायाच्या शेवटी घेतलाय.

पाऊस सरला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि तिथेच फसतात. पावसाळ्यात पित्त साठत असतं, गारव्यामुळे दबून राहतं. आश्विनातलं ऊन पडलं की ते उसळतं. ऑक्टोबर हीटमध्ये अंगावर पित्त उठणं, तोंड येणं, डोळे चुरचुरणं यांची रांग लागते. ग्रंथ म्हणतात शरदात कडू, गोड, तुरट आणि हलकं खा, भूक राखून जेवा, दही टाळा, ऊन टाळा. आणि आपण काय करतो? नवरात्राचा उपास. शेंगदाण्याच्या कुटात माखलेली साबुदाण्याची खिचडी, वर आंबट दही, संध्याकाळी तळलेली चकती. देवीबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्या ऋतूच्या पथ्यात ज्याला ज्याला मनाई आहे ते सगळं त्या एका ताटलीत येतं. उपासच करायचा तर राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, भोपळ्याची तुपातली भाजी, खजूर, आवळा. उपास नसेल त्यांना पडवळ, कारलं, मूग, जुना भात, तूप. कोजागिरीचं दूध मात्र शरदाला धरून आहे. संध्याकाळच्या चांदण्यात बसणं वाग्भटानंही सांगितलंय. त्यातला सुका मेवा हल्ली इतका असतो की दूध शोधावं लागतं, ते सोडा.

याच ऋतूतल्या पाण्याला ग्रंथ हंसोदक म्हणतात. दिवसा उन्हानं तापलेलं, रात्री चांदण्यानं निवलेलं, अगस्त्य ताऱ्याच्या उदयानं निर्विष झालेलं. ताऱ्याचा पाण्यावर काही परिणाम होतो असं मी रुग्णांना सांगत नाही. पण पावसाचा जोर ओसरतो, गाळ खाली बसतो, आणि त्याच सुमारास पहाटे दक्षिणेला अगस्त्य दिसू लागतो. घड्याळ म्हणून तो चांगला आहे.

मग येतो हेमंत, खाणाऱ्यांचा ऋतू. वाग्भटाचं निरीक्षण आहे की या दिवसांत रात्री मोठ्या असल्यामुळे माणसाला पहाटे उठल्या उठल्या भूक लागते. धुंधुरमास म्हणजे याच निरीक्षणाचं जेवण. सूर्य उगवायच्या आत गरम मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. आषाढात कांदेनवमीला घरातून गेलेलं वांगं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्यानं परत आलेलं असतं. लातूरकडे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला अख्खा गाव शेतात जेवतो: हिरव्या तुरी, वाटाणे, हरभरे आणि दिसेल ती भाजी चिंचेच्या कोळात बेसन लावून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील. त्या दिवशी किती खाल्लं याचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि संध्याकाळी कुणाचं पोटही दुखत नाही. जुलैत हेच करून बघा.

चरकाचा इशारा पुढे आहे: या ऋतूत पेटलेल्या अग्नीला इंधन मिळालं नाही तर तो शरीरातलाच रस खातो. म्हणून डिसेंबरात जिमची वर्गणी भरून सकाळी नुसत्या कच्च्या पालेभाज्यांचा गार रस पिणाऱ्या मुली बघितल्या की मला काळजी वाटते. कातडी फुटलेली, केस गळतायत, झोप नाही. पण याचा अर्थ दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, साखर वाढलेल्या काकांनी डिंकाच्या लाडवांचा डबा जवळ ओढावा असाही नाही. वाग्भट हेमंतात तूप-मांस-नवं धान्य सांगतो, त्याच्या आधी अंगाला तेल आणि निष्णात मल्लांशी कुस्ती सांगतो. काकांना मी म्हणते, लाडू खा की, आधी आखाड्यात जाऊन या.

वसंताला फार शब्द नकोत. थंडीत साठलेला कफ उन्हानं पातळ होतो, होळीच्या सुमारास घराघरात खोकला सुरू होतो. जड, गोड, आंबट आणि दुपारची झोप कमी करायची. सातू, जुने गहू, मध, कडू-तुरट चवी वाढवायच्या. पाडव्याला कडुनिंबाचा पाला, गूळ, ओवा, हिंग, चण्याची डाळ असं वाटून खातो ते दिशा दाखवायला पुरेसं आहे. बोटभर चाटून श्रीखंडाच्या पाच वाट्या संपवायच्या असतील तर कडुनिंबाचा काही इलाज चालत नाही.

उन्हाळ्यात मात्र मला थांबावं लागतं, कारण इथे माझं म्हणणं लोकांना अजिबात रुचत नाही. ताक थंड असतं म्हणून एप्रिल-मेमध्ये लोक तांब्यानं ताक पितात. सुश्रुत म्हणतो, उष्णकाळात ताक देऊ नये. अशक्ताला, दाह होणाऱ्याला, चक्कर येणाऱ्याला, रक्तपित्ताच्या रुग्णाला देऊ नये. देण्याचा काळ शीतकाळ, आणि अग्नी मंद असताना. दह्याबद्दलही तसंच: शरद, ग्रीष्म आणि वसंत या तीन ऋतूंत दही बहुधा निंद्य, असं चरकाचं मत. हाताला गार लागणारा पदार्थ पचून गारच असतो असं नाही. आंबट झालेलं ताक पित्त वाढवतं. मग पूर्ण बंद? नाही. सुश्रुतच सांगतो की आंबट ताक पित्त करतं, गोड ताक पित्त शमवतं. उन्हाळ्यात दही बाहेर ठेवलं तर संध्याकाळपर्यंत आंबटढाण होतं, हे मुंबई-चिपळूणच्या दमट हवेत कुणाला सांगायला नको. तेव्हा सकाळी लागलेल्या ताज्या गोड दह्याचं, भरपूर पाणी घालून लोणी काढून घुसळलेलं, जिरं आणि किंचित साखर घातलेलं ताक दुपारच्या जेवणात घ्या. कालचं, फसफसलेलं, वर मिरची वाटून घातलेलं नको.

ग्रीष्माचं खरं पेय ग्रंथांच्या मते मंथ: सातूचं पीठ साखरेच्या गार पाण्यात कालवून. आई साळीच्या लाह्यांचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून द्यायची, ते याचंच जवळचं भावंड. वाळा घातलेलं माठातलं पाणी, उकडलेल्या कैरीचं वेलची-गूळ घातलेलं पन्हं. आणि गंमत बघा, ग्रीष्मात गौरवलेलं हेच पाण्यात कालवलेलं सातू वर्षाऋतूत नाव घेऊन निषिद्ध ठरवलंय. पदार्थ तोच, अवघ्या महिन्याभराचं अंतर.

त्यामुळे सगळ्यात दुर्लक्षित नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो: एका ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्याचे पहिले सात, हा ऋतुसंधी. या काळात जुनं हळूहळू सोडायचं, नवं हळूहळू धरायचं, पाव-पाव हिश्शानं. एकदम सोडलं, एकदम धरलं, की आजार होतात असं वाग्भट बजावतो. रुग्णांचे नवे नियम ‘‘सोमवारपासून’’ सुरू होतात, ते मला म्हणून आवडत नाहीत.

आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर येतात, मग चार दिवसांनी माठ धुऊन उलटा पडतो. ताक रोजचं एक दिवसाआड होतं आणि त्यात सुंठ येते. रात्रीच्या पोळ्या एकानं कमी होतात. आमरस बंद होत नाही, वाटीची अर्धी वाटी होते आणि त्यावर तूप-मिरपूड पडते. कुळथाचं पीठ गिरणीतून आलेलं असतं, पण पहिल्या आठवड्यात पिठलं एकदाच होतं. महिनाअखेरीस पाऊस पुरता बसतो तोवर घरात कुणाला काही सोडल्यासारखं वाटलेलं नसतं. अपवाद माझा मुलगा. आमरसाची अर्धी वाटी त्याला दर वर्षी कळते.